खरं सांग बे

हुरड्याला बसलेल्या माणसांना घाई नसते. गोवऱ्यांची आगटी वरून राखाडी दिसते, आतून लाल असते. तिच्यात कणसं खुपसायची, दाणा करपायच्या आत ओढून काढायची, तळहातावर चोळायची आणि वाफाळते हिरवे दाणे शेजारच्याच्या ओंजळीत टाकायचे. सोबत शेंगाची चटणी, दही, गुळाचा खडा. सोलापूरच्या गड्डा यात्रेचं दारूकाम होऊन गेल्यानंतरच्या एका रात्री आम्ही पाच जण अक्कलकोट रस्त्याला एकाच्या शेतात असेच बसलो होतो. पाचही जण शाळेपासूनचे, पाचही जण आता पंचेचाळिशीच्या पुढचे, आणि पाचही जण सतरा-अठराव्या वर्षी रॉकने झपाटलेले. आमचा जुना रिवाज आहे, स्पीकर एक आणि पाळी प्रत्येकाची. आपल्या पाळीला जे लावाल ते बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. मेडिकलवाल्याने ब्लॅक सॅबथ लावलं, बँकवाल्याने आयर्न मेडन. माझी पाळी आली आणि मी पाव्हरॉत्ती लावला. पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरातलं ते प्रसिद्ध गाणं, रात्रभर शहरात कुणी झोपू नये असा हुकूम सुटलेला असताना एक माणूस एकटा उभा राहून गातो ते. जेमतेम तीन मिनिटांचं.

रिवाज मोडला. अर्ध्या मिनिटातच बँकवाला म्हणाला, “हे काय लावलास बे? लग्नात व्याही रुसल्यावर ओरडतो तसा ओरडलालाय.” सगळे हसले. मग वाद सुरू झाला, आणि आमच्यात वाद सुरू झाला की आगटी विझेपर्यंत चालतो. बँकवाल्याचं म्हणणं, ऑपेरा म्हणजे श्रीमंतांनी महागडे कपडे घालून झोपायला जायची जागा. मास्तर म्हणाला, आपल्या रागदारीचंही तेच, नुसती लांबण, “रॉकमध्ये राग आहे, तुमच्या रागात कुठाय राग?” मेडिकलवाला माझ्या बाजूने उभा राहिला, पण त्याने वकिली केली ती क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीच्या नावाने. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेलं पोरगं, पाव्हरॉत्तीला ऐकायला म्हणून गेलं आणि त्याच रंगमंचावरच्या मोन्सेरात काबाये या ऑपेरा-गायिकेच्या आवाजावर खुळावलं, शेवटी 1988 साली तिच्याबरोबर अख्खा अल्बम केला. म्हणजे त्यात काहीतरी असणारच. मास्तरने लगेच कापलं, फ्रेडीला आवडलं ते फ्रेडीचं, आपल्याला का आवडावं? एवढ्या सगळ्यात मागवाला गप्प होता. तो कणसं चोळत होता. एक मूठ माझ्या हातावर ठेवली आणि खाली आगटीकडे बघतच म्हणाला,

“खरं सांग बे. तुला हे आवडतं, का आवडायला पाहिजे म्हणून आवडतं?”

मी म्हटलं, आवडतं. पण ते म्हणायला मला एक क्षण जास्त लागला, आणि तो क्षण त्याने पाहिला. पुढे काही बोलला नाही. पुढचं कणीस ओढलं.

हाच प्रश्न बँकवाल्याने विचारला असता तर मी तो आगटीतच टाकून आलो असतो. मागवाल्याचा असल्यामुळे तो घरापर्यंत आला, दुसऱ्या दिवशी सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटरवर माझ्या मागे बसला, रात्री अंथरुणात आला. कारण मला गाणं ऐकायला शिकवलं ते त्याच्या कारखान्याने. पूर्व भागात त्याच्या वडिलांचे यंत्रमाग होते. वडिलांना तो तेलुगूत नान्ना म्हणायचा, आम्ही सगळे नाना म्हणायचो. आमच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसं, टेपचा आवाज तिसऱ्या आकड्यापुढे नेला की आई नुसतं बघायची. कारखान्यात मात्र आवाज कितीही वाढवा, तो कमीच. शेवटच्या टोकाला सुताच्या कांड्या भरायची एक खोली होती, पत्र्याचं दार, हवेत कापसाचा बारीक भुगा तरंगत असायचा, तो नाकात जायचा, केसांवर बसायचा, टेपच्या कप्प्यातही जायचा. तेल, खळ आणि माणसांचा घाम यांचा मिळून एक वास. 1995-96 ची गोष्ट आहे. नव्या पेठेतल्या एका दुकानात यादी दिली की तीन-चार दिवसांनी नव्वद मिनिटांची कॅसेट भरून मिळायची. यादीतलं एखादं नाव दुकानदाराने चुकीचं वाचलेलं असायचं आणि भलतंच काही भरून यायचं, तेही आम्ही पाठ होईपर्यंत ऐकायचो. पत्र्यापलीकडे धोटे खट्याक खट्याक धावत असायचे, आणि ड्रम कुठे संपतो आणि माग कुठे सुरू होतो हे कळायचं नाही. आजही काही जुनी गाणी नुसती ऐकली की मला ती अर्धी वाटतात. त्यातले माग कुणीतरी काढून घेतल्यासारखे.

पुढे वाचलं की हे संगीत खरंच कारखान्यातून आलेलं आहे. ब्लॅक सॅबथचा टोनी आयॉमी बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल करून गिटारचा सूर खाली उतरवला, आणि तो जड, दबलेला आवाज जगाला मिळाला. हे वाचलं तेव्हा मला नानांच्या कारखान्यातले दोन-तीन हात आठवले, ज्यांची बोटं मोजली तर दहा भरत नव्हती. रॉक आमचं कसं, हे मला कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. त्या बँडचं नाव आणि त्याच्या पहिल्या अल्बमचं नाव एकच, पहिल्या गाण्याचंही तेच, आणि त्या गाण्याची ती भयाण तीन सुरांची रिफ, गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, म्हणजे सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. पंचमाचा आधार काढून घेतलेला. मारव्यातही पंचम नसतो. दिवेलागणीला मारवा लागला की जिवाला जी हुरहुर लागते तिचं आणि त्या रिफचं कुठेतरी नातं आहे असं मला फार वाटतं. मास्तरला हे सांगायचं राहून गेलं.

म्हणून मागवाल्याच्या प्रश्नाचा मला ऐकू आलेला अर्थ वेगळाच होता. तू आमच्या कांड्यांच्या खोलीतून उठून कुठे गेलास, असं तो विचारत होता.

आणि खरं सांगायचं तर मी गेलो होतो. 2013 च्या सुमाराला मी नोकरीसाठी मुंबईत होतो. ऑफिसातल्या एकाकडे दक्षिण मुंबईतल्या एका सभागृहाचं जास्तीचं तिकीट होतं, म्हणून त्याच्याबरोबर पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायला गेलो. पहिला भाग संपला, मला आवडला होता, मी टाळ्या वाजवल्या. त्या हजारभर माणसांत मी एकटा वाजवत होतो. मधल्या थांब्यांना टाळ्या वाजवायच्या नसतात, सगळी रचना संपल्यावर वाजवायच्या असतात, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी फक्त मान वळवून पाहिलं आणि परत समोर केली. माझे हात दोन तळव्यांमध्ये हवा धरून तसेच राहिले. त्या रात्री लोकलमध्ये उभा असताना मी ठरवलं, हे मला आलं पाहिजे. पुढचं वर्षभर मी ऑपेराच्या कथा वाचल्या, कोणत्या गाण्याला काय म्हणतात ते पाठ केलं, आवाजांचे प्रकार शिकलो. म्हणजे सुरुवात आवडीने झालेली नाही, लाजेने झाली. पुढे सोलापूरला परत आलो आणि चारचौघांत व्हर्दी, पुच्चिनी ही नावं घेताना आतून थोडं बरं वाटायचं, हेही मी नाकारत नाही. मागवाल्याने नेमकं तिथे बोट ठेवलं होतं.

पण मग बंगळूरचं काय?

2011 च्या ऑक्टोबरात मेटॅलिका हा रॉक बँड तिथे आला. आम्ही तिघे सोलापूरहून दुपारच्या उद्यान एक्सप्रेसने निघालो, मागवाला, मी आणि मेडिकलवाला. डब्यात वाडी गेल्यावर कडक भाकरी आणि चटणी निघाली, रायचूरपर्यंत गाण्यांच्या क्रमावर पैजा लागल्या. 30 तारखेला पॅलेस ग्राउंडवर पायाखाली चिखल, बूट उचलला की चप्प असा आवाज, आजूबाजूला हजारो काळे शर्ट. दिवे गेले. आणि कुणी वाजवायला यायच्या आधी ते सुरू झालं, जे 1983 पासून त्यांच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला लागत आलंय. एन्नियो मोरिकोनेचं चित्रपट-संगीत. वाद्यवृंद हळूहळू चढत जातो आणि त्याच्या डोक्यावरून एका बाईचा आवाज निघतो, एद्दा देल्ल’ओर्सोचा. शब्द नाहीत. नुसता आकार, उंच, उघडा, कुठेही न तुटणारा. आमच्या अंगावर काटा आला. मी मागवाल्याकडे पाहिलं, तो डोळे मिटून तोंड उघडं ठेवून उभा होता, आणि सगळं मैदान तो आकार गात होतं. गिटार अजून कुणी हातातही घेतली नव्हती! ज्या आवाजाला आम्ही एरवी “बाई किंचाळलालीय” म्हणून पुढे ढकलला असता, त्यानेच आम्हाला त्या रात्री आधी धरलं, गिटार नंतर आली. असल्या उंच बायकी आवाजाला सोप्रानो म्हणतात, तो शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. कुणाच्या मान वळवण्याची लाज अजून दोन वर्षं लांब होती.

तर आवड होती, नाव नव्हतं. नाव लाजेने मिळालं. ही गोष्ट मला स्वतःलाच नीट सांगायला इतके दिवस लागले.

बँकवाल्याच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे त्याच रात्री उत्तर असायला हवं होतं, कारण ते माझ्या घरातलंच होतं. आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते. ते कामाला लागले तेव्हा नाटक कंपन्यांचे दिवस उतरणीला लागले होते, तरी कंपनी गावात आली की पाळी बदलून घेऊन ते जायचे. तिकीट सगळ्यात स्वस्त, जागा पिटात. भोंग्याची वेळ त्यांना झोपेत कळायची आणि पदाची जागाही. पुढच्या खुर्च्यांवरचे वकील-डॉक्टर मान डोलावत, पण वन्समोर उठायचा तो पिटातून, असं ते अभिमानाने सांगत. गायकाने पद पुन्हा घ्यायचं, पुन्हा वन्समोर, पुन्हा घ्यायचं. नाटकाची कथा तिकडे खोळंबून उभी. 31 ऑक्टोबर 1880 ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं तेव्हापासून आपल्या लोकांनी हे गाऊन सांगितलेलं नाटक डोक्यावर घेतलं, आणि त्या पदांच्या पोटात राग होते. गिरणीतल्या माणसाला यमन म्हणजे काय ते सांगता आलं नसतं, पण साच्यावर उभा राहून तो यमनातलं पद गुणगुणत होता. इटलीतही काही वेगळं नाही. मिलानच्या ला स्काला थिएटरात सगळ्यात वरच्या, स्वस्त जागेवर बसणारे प्रेक्षक गायकांचा कर्दनकाळ मानले जातात. 2006 च्या डिसेंबरात व्हर्दीचा ‘आयदा’ हा ऑपेरा चालू असताना वरून हुर्यो उडाली तेव्हा रोबेर्तो अलान्या हा नामवंत गायक रंगमंच सोडून सरळ निघून गेला. त्याच्या जागी बदली गायकाला धावत यावं लागलं, आणि तो जीन्सवर येऊन गायला. संगीत थांबलं नाही. झोपायला आलेली माणसं अशी भांडत नाहीत.

लांबणीचा मुद्दा मात्र मला इतक्या सहज झटकता येत नाही. तिथे मास्तरचं काहीतरी खरं आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात मी एका ख्यालगायनाला गेलो होतो, सोलापूरला परतल्यानंतर लगेचच. शेवटून तिसरी रांग, वर पंख्याची कुरकुर, शेजारी एक आजोबा डबीतून लवंग काढून चघळत होते. विलंबित एकताल. बारा मात्रा, आणि एक-एक मात्रा इतकी ऐसपैस की एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिट जावं. मेटॅलिकाच्या गाण्यात तेवढ्यात एक रिफ, एक कडवं आणि एक शिवी होऊन जाते. वीस मिनिटांनी माझा धीर सुटला, मी बाहेर येऊन चहा घेतला, रस्त्यावरची वाहनं पाहिली, मोबाइल पाहिला. परत आत गेलो तर गायक त्याच रागात, त्याच दोन ओळींत. मला वाटलं, मी काहीच गमावलं नाही. शेजारचे आजोबा मात्र माझ्याकडे वळून हळहळून म्हणाले, “गेला ना तुमचा तो गंधार.” मी बाहेर असताना गायक म्हणे पहिल्यांदा वरच्या गंधाराला जाऊन पोचला होता. अर्धा तास तो त्याच्या खालीच फिरत होता, पायरीपर्यंत यायचा आणि माघारी जायचा. माझ्या कानावर पुढे तो गंधार चार-पाचदा पडला, सुरेल, स्वच्छ. पण मी वाट पाहिली नव्हती, त्यामुळे तो माझ्यासाठी नुसता एक सूर होता. आजोबांचे डोळे अजून ओले होते. मला त्यांचा हेवा वाटला, तो अजून वाटतो. आणि तरीही पुढच्या वेळी मी पंचवीस मिनिटांवर पुन्हा कंटाळलो.

ज्याला हा कंटाळा येतो त्याला मी एकच रस्ता सांगू शकतो, जो मला सापडला. जुन्या तबकड्या. 1902 च्या एप्रिलात फ्रेड गैसबर्ग नावाच्या माणसाने मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत एन्रिको कारुसोचा आवाज ध्वनिमुद्रित केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तोच गैसबर्ग कोलकात्यात होता आणि गौहरजान त्याच्या भोंग्यासमोर गात होती. एकाच वर्षात, एकाच माणसासमोर, ऑपेरा आणि ख्याल दोघांनाही सांगितलं गेलं की तुमच्याकडे तीनेक मिनिटं आहेत, काय ते आटपा. आपण ज्याला ‘गाण्याएवढं गाणं’ म्हणतो त्या लांबीची सवय जगाला त्या तबकडीने लावली, रॉकलाही ती तिथूनच मिळाली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणांपाशी मी पहिल्यांदा थांबलो ते असंच. झिंझोटीतली त्यांची ठुमरी. आवाज बारीक, तारेसारखा, मागे तबकडीची खरखर, आमच्या भरून घेतलेल्या कॅसेटसारखीच. त्या खरखरीतून तो सूर येतो आणि मधल्या ऐंशी-नव्वद वर्षांना काही अर्थ राहत नाही. ही तीन मिनिटं मी शंभरदा तरी ऐकली असतील. कुणाला दाखवायला नाही. रात्री, एकट्याने, कानाला लावून.

फेब्रुवारीत एका कामासाठी मागवाल्याच्या कारखान्यात गेलो. नाना आता कारखान्यात येत नाहीत. घरी असतात, टीव्हीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका ठेवतात आणि तरीही पडद्याजवळ सरकून बसतात. मागवाला दाराशीच भेटला, म्हणाला चहा सांगतो, आणि मागांच्या रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या कामगाराला हाक मारली. तेलुगूत, दोन शब्द. हजारदा ऐकलेली हाक असेल, मी ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. तो ओरडला नाही. आवाज मोठा केलाच नाही. त्याने तो बारीक केला, वर नेला, तोंडाच्या पुढच्या भागात आणला, पत्र्यावर नाणं पडावं तसा, आणि तो आवाज सगळ्या मागांच्या खडखडाटाला मध्ये चिरत पलीकडे गेला. कामगाराने मान वर केली, दोन बोटं दाखवली.

मी तिथेच उभा राहिलो. कारण ऑपेराचा गायक नेमकं हेच करतो. त्याच्याकडे माईक नसतो, समोर साठ-सत्तर वाद्यं असतात. जोराने ओरडून त्यांच्यावर मात करता येत नाही, घसा जाईल. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर असतो पाचशे हर्ट्झच्या आसपास, त्याच्या वर तो उतरत जातो. कसलेला गायक घशाची आणि तोंडाची ठेवण अशी बदलतो की त्याच्या आवाजाचा एक भाग तीन हजार हर्ट्झच्या आसपास झळाळून उठतो, जिथे वाद्यं क्षीण असतात आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. योहान सुंडबेरी या स्वीडिश संशोधकाने हे मोजून दाखवलं. व्याही रुसल्यासारखा वाटणारा तो आवाज असा का, त्याचं हे कारण. तो कोलाहलातून वाट काढणारा आवाज आहे. आणि मागवाल्याला तो कुणी शिकवला नव्हता, तीस वर्षं त्या कारखान्यात माणसांना हाका मारून तो त्याच्या गळ्यात बसला होता. आमची कांड्यांची खोली आणि ला स्काला यांच्यामध्ये मी मनात जे अंतर धरून बसलो होतो ते त्या एका हाकेत गेलं.

चहा पिताना मी त्याला हे सगळं भडाभडा सांगितलं. तो ऐकत होता, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होता. मग खिशातला मोबाइल काढून त्याने एक फोटो दाखवला. कानाच्या डॉक्टरकडचा आलेख. डावीकडून सरळ येणारी रेघ चार हजारापाशी खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती, दोन्ही कानांची, डाव्या कानाची जास्त. मागांच्या आवाजाने कान जायला लागतात ते तिथूनच, डॉक्टरने त्याला सांगितलं होतं. “नानांचं झालं तेच चालू झालंय बे,” तो म्हणाला, अगदी साधेपणाने, सुताचा भाव सांगावा तसं. मी तो आलेख हातात धरून बसलो. त्या रात्री आगटीपाशी आम्ही पाच जण एकच गाणं ऐकत होतो असं मी धरून चाललो होतो. वादही त्याच भरवशावर घातला होता. पण पाव्हरॉत्तीचा आवाज जिथे झळाळतो तिथूनच याच्या कानाला उतार लागत होता. त्याच्या कानापर्यंत नेमकं काय पोचलं असेल? ज्याचं पाणीच उतरलंय असा आवाज ऐकून त्याने मला विचारलं होतं, तुला हे खरंच आवडतं का. आणि मी महिनाभर त्या प्रश्नात माझीच परीक्षा बघत बसलो होतो.

तेवढ्यात लाइट गेली. माग एकेक करत थांबले, शेवटचा धोटा कुठेतरी मध्येच अडकला, आणि कारखान्यात ती शांतता पसरली जी फक्त कारखान्यातच असते, कानात नुसतं गुंगं. मागवाला अजून त्या बारीक आवाजातच काहीतरी बोलत होता. त्याच्या लक्षात आलं तसा तो आवाज खाली आला.

“त्या रात्री विचारलास ना,” मी म्हटलं. “अर्धा तास आवडतं. त्याच्या पुढचं अजून नाही. पण ते अर्धा तास खरं आहे.”

“मग तेवढं लाव की,” तो म्हणाला.

मी ते तीन मिनिटांचंच लावलं, तेच. मोबाइल कांड्यांच्या पेटीवर ठेवला. दोन कामगार बिड्या हातात घेऊन दारात उभे राहिले. गाणं अर्ध्यावर आलं, मागे समूहाचे आवाज दुरून आल्यासारखे सुरू झाले, आता तो चढणार, आणि लाइट आली. एका मागाने धक्का घेतला, मग दुसऱ्याने, आणि सगळं बुडून गेलं. मी मोबाइल बंद करायला हात पुढे केला. मागवाल्याने माझा हात बाजूला सारला, मोबाइल उचलला आणि फोन आल्यासारखा डाव्या कानाला लावला. क्षणभराने काढला, उजव्या कानाला लावून घट्ट दाबला, दुसऱ्या हाताने डावा कान झाकला, आणि दारातल्या कामगाराने काहीतरी विचारलं तेव्हा त्याच्याकडे न बघता त्याने फक्त तळवा वर केला, थांब म्हणून.